ॲब्लेशननंतरचा एमआरआय : माझा अनुभव

एट्रियल फिब्रिलेशनसाठी, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित पडण्याच्या आजारासाठी, ॲब्लेशन झालं (बारीक नळी हृदयात नेऊन आतला ठरावीक भाग जाळणं), पण काही आठवड्यांनी मधूनमधून धडधड परत सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, तीन महिने होऊ देत, मग एमआरआय करू. त्याआधी केला तर नुसती सूजसुद्धा व्रणासारखी दिसते. साताऱ्याहून आईचा फोन आला, "अरे, मुद्दामच जाळलंय ना त्यांनी? मग आता फोटो कशाला?"

तिचा प्रश्न रास्तच होता. फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरा डाव्या कर्णिकेत, म्हणजे हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात, उघडतात, बहुतेकांच्या चार. ठोके बिघडवणाऱ्या विजेच्या ठिणग्या बऱ्याचदा या शिरांतूनच निघतात, हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल ऐसागेर यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवलं. म्हणून शिरांच्या तोंडाभोवती व्रणाचं कुंपण घालतात. आमच्या बाबतीत हा व्रण हवाच असतो. तो कुठे धरला नसेल तर तिथून वीज पुन्हा सुटते.

मी सॉल्ट लेक सिटीत राहतो. कर्णिकेतला व्रण एमआरआयवर मोजायची पद्धत इथल्याच युटा विद्यापीठात नसीर मारूश यांच्या गटाने नावारूपाला आणली, हा आपला योगायोग.

आधी रक्त तपासलं, कारण चित्रात व्रण उठून दिसावा म्हणून शिरेतून देतात ते गॅडोलिनियम हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं. अंगात पेसमेकर, क्लिप, धातूचा तुकडा काही आहे का, याचा लांबलचक फॉर्म भरला. खरी धाकधूक वेगळीच होती. मशीन प्रत्येक ठोक्याच्या ठरावीक क्षणी चित्र टिपतं. ठोके वेडेवाकडे पडले की चित्र फिसकटतं. म्हणजे ज्या आजारासाठी तपासणी, त्यानेच त्या दिवशी रजेवर असायला हवं! आदल्या रात्री मी दर थोड्या वेळाने नाडी बघत होतो. हिने शेवटी मनगटावरचं घड्याळच काढून घेतलं.

टेक्निशियन बाई शांत होत्या. छातीवरचे केस काढून इलेक्ट्रोड चिकटवले, हाताला सुई लावली, कानात बोळे घालून वर हेडफोन दिले, तरी ठकठक ऐकू येतच होती. सुरुवातीला "श्वास सोडा, रोखा" असं चाललं. मग औषध सोडलं, दंडापर्यंत गार लहर गेली. त्यानंतर पाव तास नुसतं पडून राहायचं. निरोगी स्नायूतून गॅडोलिनियम लवकर निघून जातं, व्रणात रेंगाळतं, आणि तेवढा भाग चित्रात उजळ दिसतो. शेवटचा लांब स्कॅन श्वास चालू ठेवूनच होतो. श्वासपटल ठरलेल्या जागी आलं की तेवढ्यापुरतंच चित्र घेतलं जातं. मला डुलकी येत होती, पण झोपेत श्वास बदलला तर वेळ वाढेल म्हणून बाई मधूनमधून मला बोलतं ठेवत होत्या.

आठवड्याने डॉक्टरांनी कर्णिका पडद्यावर फिरवून दाखवली. उजवीकडच्या शिरांभोवती उजळ कडं जवळजवळ सलग होतं. डावीकडे खालच्या शिरेपाशी खंड होता. मी लगेच विचारलं, "मग परत करायचं?" ते म्हणाले, "थांबा." कर्णिकेची भिंत दोन-तीन मिलिमीटरची आणि चित्राचा एकेक ठिपकाही जवळपास तेवढाच, त्यामुळे चित्रातल्या प्रत्येक फटीतून वीज जातेच असं नाही, आणि सलग दिसणारं कडंही गळू शकतं. ते कळतं ते पुन्हा कॅथेटर आत घातल्यावरच. त्यांनी डिकाफ नावाच्या दोन वैद्यकीय अभ्यासांचं सांगितलं. २०१४ मध्ये पहिल्यात दिसलं, की ॲब्लेशनआधीच कर्णिकेत तंतुमय (आपोआप झालेल्या व्रणासारखा) भाग जास्त असेल तर आजार उलटण्याची शक्यता जास्त. मग २०२२ च्या दुसऱ्यात तो भाग एमआरआय बघून मुद्दाम जाळला, तरी निकाल नेहमीच्या ॲब्लेशनपेक्षा सरस ठरला नाही. चित्र बघून हात शिवशिवणाऱ्यांनी हे वाचावं, असं माझं मत.

ठरलं ते असं : आधी छातीवर पट्टी लावून ठोक्यांची नोंद घ्यायची, त्रास वाढला तरच पुन्हा ॲब्लेशन, आणि तेव्हा हे चित्र नकाशासारखं हाताशी असेल. रक्त पातळ करणारी गोळी मात्र सुरूच. ती बंद करायची की नाही हे वय, बीपी, मधुमेह अशा धोक्यांवरून ठरतं, व्रणाच्या चित्रावरून नाही.

कुणाला हा एमआरआय सांगितला असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, डाव्या कर्णिकेच्या व्रणाचं इमेजिंग तिथे नेहमी करतात का. हृदयाचा साधा एमआरआय पुष्कळ ठिकाणी होतो, हा नाही.