ओकायामातलं घर आणि माझं 'दाइजोबु'

ऑक्टोबरमध्ये एका सेमिस्टरसाठी ओकायामाला गेले, डॉर्म न घेता होस्ट फॅमिली घेतली, का तर जॅपनीज सुधारेल. सुधारलं, पण पहिला महिनाभर मी त्या घरात एकच शब्द बोलत होते, दाइजोबु. ठीकेय पण तोच, चालेल पण तोच आणि नको पण तोच. ओकासान (होस्ट आई, सगळे असंच म्हणतात) विचारायची अजून भात वाढू का, मी हो या अर्थाने हसून दाइजोबु म्हणायचे आणि ती भाताचं भांडं उचलून घेऊन जायची! दोन रात्री रूमवर जाऊन घरून आणलेला चिवडा खाल्लाय मी.

बाकी गोष्टी पटकन जमल्या. १४ दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसला जाऊन पत्ता नोंदवायचा असतो, त्याला ओतोसान (होस्ट बाबा) स्वतः आले. अंघोळीचं सीनियरने आधीच सांगितलं होतं, बाहेर साबण लावून धुवून घ्यायचं, मगच टबात बसायचं, आणि पाणी सोडायचं नाही कारण तेच सगळ्यांना वापरायचं असतं. घरातून निघताना इत्तेकिमास म्हणतात, त्याचा अर्थ सरळ 'जाऊन येते', हे तर आपलंच, आमच्याकडे नुसतं 'जाते' म्हटलं की आजी ओरडते. पहिल्या रविवारी कोराकुएन ही तिथली जुनी बाग बघायला नेलं तेव्हा मी सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानाचे फोटो दाखवले, ते याच बागेवरून केलंय आणि त्याला पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असंही म्हणतात. ओतोसानना हे माहीतच नव्हतं, फोटो झूम करकरून बघत होते.

खरी गोची जेवणाची. फॉर्मवर मी व्हेजिटेरियन लिहिलेलं, अंडं चालतं. ओकासानने मनापासून पाळलं, म्हणजे तिच्या हिशोबाने. सॅलडमध्ये हॅमचे बारीक तुकडे दिसले तर म्हणाली थोडंसंच आहे, चवीपुरतं. ते मी बाजूला काढायला लागले. पण मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं) सूप मला इतकं आवडायचं की रोज दोन वाट्या. तीन आठवड्यांनी भांडी पुसताना ओट्यावर एक पाकीट दिसलं, त्यावर माशाचं चित्र. कात्सुओबुशी, वाळवलेल्या माशाचा कीस. त्याचंच पाणी म्हणजे दाशी, आणि दाशी सगळ्यात, सूपमध्ये, उकडलेल्या भाज्यांत, नूडल्सच्या त्सुयूमध्ये म्हणजे रश्शात, अगदी ऑम्लेटमध्ये सुद्धा.

आमची आजी माळकरी आहे. मी तेवढी कडक नाही, तरी त्या रात्री पोटात कसंतरीच झालं (मनाचे खेळ, कळतं मला). सांगायचं कसं हा प्रश्न, कारण तीन आठवडे ओइशी ओइशी (मस्त, चविष्ट) म्हणून मीच वाटी पुढे केलेली ना. दोन दिवस टाळलं. मग वहीत वाक्यं लिहून, पाठ करून, जेवणाआधीच बोलून टाकलं, शेवटी दाइजोबु नाही असं स्पष्ट म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा. ओकासान एकदम गप्प. मग वाकून वाकून सॉरी म्हणायला लागली, मीही वाकतेय, ओतोसान मध्ये चॉपस्टिक्स धरून बसलेले. मला वाटलं संपलं, आता ही घर बदलायला सांगणार.

सकाळी फ्रिजमध्ये पाण्याची बाटली, आत कोंबूची म्हणजे समुद्री शेवाळाची पट्टी रात्रभर भिजत घातलेली, वर माझं नाव काताकानात, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीत. कोंबू आणि सुकवलेले शिताके मशरूम, दोन्हींची दाशी व्हेजच असते, बौद्ध मठांत हेच चालतं म्हणे. ते सूप जरा सौम्य लागतं, खरं सांगायचं तर आधीचंच जास्त भारी होतं, पण हे तिला अजून सांगितलेलं नाहीये.

पुढे दोन पातेली कोण करणार म्हणून सगळ्यांनाच कोंबूचं सूप सुरू झालं. ओतोसान काही बोलले नाहीत. फक्त आता त्यांच्या वाटीशेजारी ते माशाचं पाकीट असतं, आणि माझी नजर दुसरीकडे गेली की चिमूटभर वरून टाकतात.