शेवटचा फर्मा

शाळेच्या स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत पुस्तकांना ऊन दाखवत बसलो होतो. "सहाशे शब्द लिहा," पलीकडून सांगण्यात आलं, "फक्त शिक्षकांच्या आठवणी नकोत, त्या ढिगानं आल्यात. तुम्ही खूप वाचता ना? मग वाचनावर लिहा." सहाशे शब्दांत काही बसायचं नाही हे मी तेव्हाच सांगितलं होतं. त्यामुळे आता संपादकांनी कात्री चालवली तरी माझी तक्रार नाही.

खूप वाचतो हे मात्र खरं नाही. मी फार हळू वाचतो. माझ्या बॅचचे (दहावी, १९७९) काही जण आठवड्याला तीन पुस्तकं संपवल्याचं सांगतात. मला एक संपवायला पंधरवडा लागतो, आणि त्यात अर्धा वेळ मी आधीचं पान पुन्हा वाचत असतो. जेवताना वाचायची सवय लहानपणापासूनची. आई ताटाशेजारचं पुस्तक ओढून घ्यायची. वाचत जेवणाऱ्याला आमटीत मीठ नाही हेसुद्धा कळत नाही, असं तिचं म्हणणं होतं आणि ते बरोबरच होतं. पण उलटंही झालं. काही पुस्तकं मला त्या दिवशीच्या जेवणासकट आठवतात. एका प्रवासवर्णनाच्या प्रत्येक पानाला आजही पिठल्याचा वास आहे. आमच्याच प्रतीला म्हणतोय, कारण एकशे चाराव्या पानावर हळदीचा डाग आहे.

घरात पुस्तकं विकत घ्यायची पद्धत नव्हती. पाठ्यपुस्तकं दरवर्षी जूनमध्ये अप्पा बळवंत चौकातून निम्म्या किमतीत यायची आणि पुढच्या जूनमध्ये तिथंच परत जायची. (हे अप्पा म्हणजे पानिपतच्या मोहिमेत पडलेल्या बळवंतराव मेहेंदळ्यांचे चिरंजीव. ही माहिती वडील दर खेपेला चौकात उभे राहून सांगायचे, जणू आम्ही गेल्या वर्षी ऐकलीच नव्हती.) मी तिसरीत असताना, १९७१ साली, बालभारतीनं 'किशोर' सुरू केलं. ते वाड्यात एकाकडे यायचं आणि सात बिऱ्हाडं फिरून आमच्याकडे पोचायचं. तोवर त्यातली शब्दकोडी कुणीतरी शाईनं सोडवलेली असायची, तीही चुकीची.

म्हणून शाळेचं ग्रंथालय.

तळमजल्यावरची ती खोली आठवत असेल अनेकांना. जिन्याखालून शिरायचं, आत बारा कपाटं आणि एकच खिडकी. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं, आणि नदीचं पाणी आपल्या शाळेत शिरलं. माझा जन्म त्यानंतरचा. पण आमच्या पेठेत वेळ मोजायची ती पुराच्या आधी आणि पुरानंतर अशीच, त्यामुळे तो पूर मी पाहिलाय असंच मला वाटतं. कपाटांचे खालचे दोन कप्पे पाण्यात गेले. ग्रंथालयातले काका तेव्हा नुकतेच शिपाई म्हणून लागले होते. त्यांनी आणि काही विद्यार्थ्यांनी ओली पुस्तकं गच्चीवर उभी करून, पानं पंख्यासारखी उघडून वाळवली. आडवी ठेवून वर वजन ठेवलं तर पानं कायमची चिकटतात, हे काकांना पहिल्या पाचपंचवीस पुस्तकांचा बळी गेल्यावर कळलं. जी वाचली त्यांच्या पानांवर खालच्या बाजूला चहाच्या रंगाची एक रेघ राहिली. पुराचं पुस्तक कुठलं ते आम्ही कणा पाहूनच ओळखायचो.

ही पुस्तकं मग बाइंडरकडे गेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा काकांबरोबर मी त्या बाइंडरच्या खोलीत गेलो होतो आणि दिवसभर तिथून हललो नाही. खळ रटरटत होती, त्यात कसर लागू नये म्हणून मोरचूद टाकलेलं. पुस्तक म्हणजे सुटी पानं नव्हेत हे मला तिथं समजलं. एक मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापायचा, घड्या घालायच्या, की सोळा पानांचा एक फर्मा तयार. असे फर्मे एकाखाली एक ठेवून दोऱ्यानं ओवायचे, ती जुजबंदी. मग खळ, मग पुठ्ठा, मग कणा. एखादं पान फाटलं तर एक पान जातं. पण दोरा कुजला तर सोळा पानं एकदम निखळतात.

आठवीत असताना माझ्या हाती आलेल्या पुस्तकाचं नेमकं हेच झालं होतं. कोकणातल्या एका दीपगृहावर घडणारी कादंबरी. नाव मुद्दाम सांगत नाही, ते कारण पुढं कळेल. २०८ पानं म्हणजे तेरा फर्मे शाबूत होते, चौदावा पुरात लगदा झालेला. नायकाच्या दारावर मध्यरात्री थाप पडते, तो कंदील घेऊन उठतो, कडी काढतो, आणि २०८ वं पान संपतं. जुना पुठ्ठा ढिला पडू नये म्हणून बाइंडरनं शेवटी सोळा कोरी पानं ओवली होती. त्याच्या दृष्टीनं काम चोख होतं.

ती सोळा पानं कोरी राहिली नव्हती. माझ्याआधीच्या मुलामुलींनी पेन्सिलनं आपापले शेवट लिहून ठेवले होते. एकानं थेट मराठ्यांचं आरमारच दाराशी आणलं होतं. एकानं नायकाला दोन ओळींत मारून टाकलं आणि खाली सही ठोकली. एकीनं चार पानं खर्चून दारातल्या माणसाची सगळी वंशावळ दिली, पण तो आला कशाला हे सांगायचं राहूनच गेलं. आणि एका नेटक्या, बारीक अक्षरात, १९७४ अशी तारीख घालून एवढंच होतं: बाहेर कोणी नव्हतं. वारा होता.

मी तो शेवट वाचला आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचला. दोन वाक्यांत अंगावर काटा आणता येतो हे मला त्या अनोळखी विद्यार्थ्यानं शिकवलं. भाषेच्या कुठल्याही तासाला ते कळलं नव्हतं, आणि हे मी आदरपूर्वक लिहितोय. मग आठवडाभर विचार करून मीही दीड पान लिहिलं. पुस्तकात लिहिल्यास चार आणे दंड, अशी पाटी काकांच्या डोक्यावरच टांगलेली. परत करताना त्यांनी मागची पानं चाळली, माझ्याकडे पाहिलं आणि रजिस्टरमध्ये 'जमा' लिहिलं. दंडाचं नाव काढलं नाही.

पुढं बँकेत लागलो, भोरला बदली झाली, एसटीत वाचायला शिकलो. शिकायलाच लागतं ते, घाटात पोटात ढवळतं. पुण्यात परतल्यावर पुणे नगर वाचन मंदिराचा सभासद झालो. ते ग्रंथालय १८४८ सालचं, लक्ष्मी रस्त्यावर बुधवार चौकात. खाली साड्यांची झुंबड आणि वर मासिकं चाळणारी मंडळी. तिकडची वर्गणी मी कधी थकवली नाही, घरच्या विजेचं बिल दोनदा थकवलं. पीएमटीची, म्हणजे पुण्याच्या शहर बसची, तिकिटं खूण म्हणून घालायची सवय तेव्हाची. २००७ मध्ये पीएमटीची पीएमपी झाली, आता तिकीट मशीनमधून येतं आणि वर्षभरात त्यावरची अक्षरं उडून जातात. जुनी तिकिटं मात्र पुस्तकांत अजून ठणठणीत आहेत, त्यांच्यावरून कुठलं पुस्तक कोणत्या मार्गावर वाचलं ते सांगता येतं.

१९८९ मधल्या एका रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, एका स्टोव्हच्या आणि पितळी नळाच्या मधोमध, मला ती दीपगृहाची कादंबरी दिसली. धडकी प्रत, चौदाच्या चौदा फर्मे. पाच रुपये सांगितले, मी घासाघीस न करता दिले, त्यामुळे विकणारा उलट खट्टू झाला. मनपाच्या बसथांब्यावर उभ्या उभ्या शेवटची सोळा पानं वाचली. दारात नायकाचा हरवलेला काका असतो. आफ्रिकेत त्यानं गडगंज कमावलेलं असतं. लग्न ठरतं, पेढे वाटले जातात. दोन बस गेल्या, मी तसाच उभा. लेखकाचा तो हक्क आहे, मान्य. पण वारा होता हो तिथं, वारा. (नाव का लपवतोय ते आता समजलं असेल. कुणी आवडीनं वाचलं असेल, त्याचं मन कशाला मोडा?)

तेव्हापासून माझी एक खोड आहे. कुठलंही पुस्तक असो, शेवटच्या सोळा पानांशी थांबतो. दिवा मालवतो आणि उरलेलं अंधारात मीच रचतो. लेखकाचं सकाळी चहाबरोबर वाचतो. निम्म्या वेळा माझा शेवट बरा निघतो, निदान मला तसं वाटतं. बायकोला तसं वाटत नाही, तिला दोन्ही ऐकवावे लागतात. गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा काही दिवस नातीनं फोनवर पुस्तकं लावून दिली. ऐकायला छान वाटलं. पण उरलंय किती हे बोटाला कळेना, त्यामुळे थांबायचं कुठं तेच समजेना.

फोन आला त्याच आठवड्यात शाळेत गेलो. ग्रंथालय आता दुसऱ्या मजल्यावर आहे, उजेडात, आणि सगळ्या नोंदी संगणकावर. ग्रंथपाल बाईंनी दाखल क्रमांक विचारला. पुस्तकाचं नाव संगणकाला सापडेना. मग मीच खाली बसून कपाटाच्या तळच्या कप्प्यातून रेघवाले कणे शोधत गेलो, आणि ते निघालं. "माजी विद्यार्थ्यांना घरी नेता येणार नाही," बाई म्हणाल्या. नियम योग्यच आहे. तिथंच बाकावर बसून मागून उघडलं.

माझ्यानंतर आणखी पाच जणांनी लिहिलंय, शेवटची तारीख १९९६. दीड पान अजून कोरं आहे. माझा शेवट शोधायला वेळ लागला, कारण अक्षर ओळखीचं वाटेना. ओळखलं ते चुकीवरून. 'दिपगृह' असा ऱ्हस्व मीच लिहायचो, तो दहावीपर्यंत सुटला नाही. दीड पानात सात ठिकाणी होता. सातही ठिकाणी कुणीतरी पेन्सिलीची टोकदार रेघ मारून वेलांटी दीर्घ केली होती, आणि आरमारवाल्याच्या 'समूद्रा'चा दीर्घ त्याच पेन्सिलीनं ऱ्हस्व केला होता. रजिस्टरमध्ये 'जमा' लिहायला काका तशीच, चाकूनं तासलेली पेन्सिल वापरायचे. १९७४ च्या दोन वाक्यांत चूक नव्हती. तिथं समासात फक्त एक बारीकशी बरोबरची खूण होती.