जाळीच नाही, तरी निवड होते

"पण सर, यात जाळी कुठेय?" लॅबमध्ये नव्याने आलेल्या मुलीने आज विचारलं आणि तो प्रश्न दिवसभर डोक्यातून गेला नाही.

प्रश्न होता थर्मल फील्ड-फ्लो फ्रॅक्शनेशनच्या यंत्राबद्दल, म्हणजे उष्णता आणि प्रवाह वापरून लहान-मोठे रेणू वेगळे करण्याबद्दल. जाळी नाहीच. धातूचे दोन ठोकळे, मध्ये जेमतेम 0.1 मिलिमीटरची फट. वरचा तापलेला, खालचा गार. गरम बाजू मुद्दाम वर, म्हणजे द्रव घुसळत नाही.

फटीतून पॉलिमरचं, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचं, द्रावण वाहतं आणि रेणू सहसा गार भिंतीकडे सरकतात. मोठे तिथेच, संथ प्रवाहात रेंगाळतात. लहान जास्त हुंदडतात, मधल्या वेगवान धारेत पोचतात आणि आधी बाहेर पडतात. बस्स, एवढंच!

अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ गिडिंग्ज यांनी 1966 मध्ये मांडलेली ही कल्पना. लांबलचक, नाजूक रेणू कशातूनही रेटावे लागत नाहीत, हे मला त्यात सगळ्यात सुंदर वाटतं.

तापमानातल्या फरकामुळे द्रावणात होणारं हे सरकणं जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ लुडविग यांनी 1856 मध्येच टिपलं होतं. तरी द्रवांमध्ये ते नेमकं का घडतं, याचं सगळीकडे लागू पडेल असं उत्तर आजही नाही.

तुम्हाला कॉलेजात हे कुणी शिकवलं होतं का?