ठोकळ्यांतून उभे राहिलेले अंतराळयान : 'पंचगंगा' बांधतानाचा माझा अनुभव

माइनक्राफ्ट या ठोकळे रचून बांधकाम करण्याच्या संगणक-खेळात मोठी अंतराळयाने बांधणाऱ्यांचे काम पाहत गेलो, तेव्हा त्यांत दोन प्रकार सरळ वेगळे दिसू लागले. काही यानांवर बारीक काम भरपूर असते, पण ते कशासाठी आहे हे सांगता येत नाही. काही यानांवर त्याहून कमी काम असते, तरीही नजर प्रत्येक नळीच्या मागे जाते, कारण ती नळी कुठून तरी निघून कुठे तरी पोहोचत असते. मला दुसऱ्या प्रकारचे यान बांधायचे होते.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये मी कास्टिंगची ड्रॉइंग करतो. कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागावर, जी रिब (उंचावलेली पट्टी) दिसते ती शोभेसाठी दिलेली नसते; जिथे भार येतो तिथे सगळ्या भिंतीची जाडी न वाढवता ताकद मिळावी, म्हणून ती दिलेली असते. कोणता भाग काय काम करतो हे ठरल्यावर रिब कुठे येणार हे जवळजवळ आपोआप ठरते. खेळातल्या यानालाही हाच नियम लावायचा, असे मी सुरुवातीलाच ठरवले. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ साली आमच्या कोल्हापुरातच झाला, आणि त्यांच्या विज्ञानकथांनीच मला लहानपणी या विषयाची गोडी लावली. त्यांच्या कथांत विज्ञान शोभेपुरते येत नाही, सारी कथाच त्यावर उभी असते. यान बांधतानाही ती शिस्त पाळावी असे मला मनापासून वाटत होते.

माइनक्राफ्टमधला एक ठोकळा म्हणजे एक मीटरचा घन. खेळातला माणूस साधारण १.८ मीटर उंच असतो, दार दोन ठोकळे उंच असते, आणि खोलीत मोकळे वाटावे म्हणून मी आत तीन ठोकळ्यांची उंची व वर एका ठोकळ्याचा मजला असे माप धरले. म्हणजे एका मजल्याला चार मीटर. हे माप एकदा पक्के केले की यान कितीही मोठे असले तरी त्याची खिडकी, शिडी आणि कठडा यांवरून बघणाऱ्याला त्याचा आकार कळतो. यानाची लांबी मी २४० मीटर ठेवली. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी १०९ मीटर आहे, म्हणजे हे यान त्याच्या दुपटीहून थोडे लांब झाले. शनीपर्यंत माणसे नेणाऱ्या यानासाठी हे माप मला पटण्यासारखे वाटले.

काम ठरले की मांडणी ठरते. सर्वांत मागे इंजिन, त्याच्या लगेच पुढे अणुभट्टी, तिच्या पुढे किरणोत्सर्ग अडवणारी ढाल, मग उष्णता बाहेर टाकणारे रेडिएटर, मग इंधनाच्या टाक्या, आणि माणसांची वस्ती थेट पुढच्या टोकाजवळ. ढाल भट्टीच्या अगदी जवळ ठेवली, तर लहानशा ढालीचीही सावली पुढे शंकूसारखी रुंद होत जाते आणि सगळी वस्ती त्या सावलीत मावते. या एका गोष्टीमुळे यानाच्या आकारातले कितीतरी प्रश्न सुटले. रेडिएटर त्या सावलीबाहेर गेला तर त्यावर आदळलेला किरणोत्सर्ग विखरून वस्तीकडे येऊ शकतो, म्हणून रेडिएटर भट्टीजवळ अरुंद आणि पुढे रुंद असे त्रिकोणी करावे लागले. तो त्रिकोण लांबून इतका देखणा दिसतो की तो केवळ दिसण्यासाठीच काढला आहे असे कोणालाही वाटेल, पण मी कागदावर आधी सावलीची रेषा ओढली होती आणि रेडिएटरची कड तिच्यावर बसवली होती.

पोकळीत उष्णता घालवायला हवा नाही, पाणी नाही. ती केवळ प्रारणाच्या रूपानेच बाहेर जाऊ शकते. निरपेक्ष तापमान दुप्पट केले तर त्याच पृष्ठभागातून सोळापट उष्णता बाहेर पडते, त्यामुळे असल्या यानाचे रेडिएटर तापलेलेच ठेवावे लागतात. त्यांची पाती यानाच्या अक्षाला धरून उभी केली, म्हणजे त्यांची कड वस्तीकडे राहते आणि उष्णता दोन्ही बाजूंना मोकळ्या अवकाशात जाते.

सर्वांत अधिक विचार वस्तीच्या चाकासारख्या गोल कड्यावर झाला. कडे फिरवून वजनाचा भास निर्माण करायचा, तर मिनिटाला दोन फेऱ्यांच्या वेगाने पृथ्वीइतके वजन मिळायला सुमारे २२४ मीटर त्रिज्या लागते. त्याहून जलद फिरवले तर त्रिज्या कमी चालते, पण माणसाला गरगरण्याचा त्रास होण्याचा संभव वाढतो. २२४ मीटर त्रिज्या म्हणजे जवळजवळ ४४८ मीटर व्यास, आणि खेळातल्या जगाची उंची आहे ३८४ ठोकळे. २०२१ च्या १.१८ आवृत्तीपासून ती उणे ६४ पासून ३२० पर्यंत आहे. आडव्या यानाचे कडे उभेच राहणार, म्हणून ते जगात मावणारच नव्हते. तेव्हा मंगळावर जितके वजन भासते तितके आपल्याला पुरे, असे ठरवले. त्याला दोन फेऱ्यांच्याच वेगाने सुमारे ८५ मीटर त्रिज्या लागते. प्रवासात शरीर अगदीच सैल पडू नये यासाठी हे वजन कथेत चालण्यासारखे आहे, आणि १७१ ठोकळे व्यासाचे कडे जगात आरामात बसते.

ठोकळ्यांचे वर्तुळ आधी आलेख कागदावर काढले. ८५ त्रिज्येसाठी सर्वांत वरच्या ओळीत १९ ठोकळे येतात, त्यानंतर प्रत्येक पायरीला ६, ५, ४, ३, पुन्हा ३ असे उतरत जायचे, आणि ४५ अंशांपर्यंत पोहोचले की बाकीचे सगळे याच अष्टमांशाचे प्रतिबिंब असते. हे आकडे अंदाजाने घेता येत नाहीत. ५ आणि ४ यांची जागा नुसती अदलाबदल केली तरी कड्याला त्या जागी पोक आल्यासारखे दिसते आणि लांबूनही ते डोळ्यांना खटकते. अष्टमांश पूर्ण करून, त्याचे तपशील तपासून मगच मी वर्ल्डएडिट या खेळाच्या जोडसाधनाने त्याच्या उलट-सुलट प्रती जोडल्या. या साधनाने प्रत उलटवली की पायऱ्यांच्या ठोकळ्यांची तोंडेही त्याप्रमाणे फिरतात, त्यामुळे मोठा वेळ वाचतो.

एक अडचण मात्र खेळाच्या स्वभावातलीच आहे. खऱ्या कड्यात खाली म्हणजे बाहेरच्या दिशेने. खेळात खाली म्हणजे खालीच. त्यामुळे कड्याच्या तळाशी असलेल्या भागातच माणूस नीट चालू शकतो. मी त्या कमानीतच खोल्या, स्वयंपाकघर, दवाखाना आणि रोपांचे सज्जे पूर्ण केले, आणि बाकीच्या कड्यात खिडक्यांमागे उजेड व तिरक्या जमिनीची चाहूल एवढेच ठेवले. कडे प्रत्यक्ष फिरत नाही, पण आसाजवळचे बेअरिंग, त्यावरची वंगणाची नळी आणि चार आऱ्यांतले जिने यांवरून ते फिरण्यासाठी केलेले आहे हे कळते.

बांधकामासाठी मी रिकामे जग निवडले. तिथे मधोमध एक लहानसा दगडी चौथरा असतो, बाकी काही नाही. खेळात वाळू, खडी यांसारखे थोडे ठोकळे सोडले तर बाकीचे हवेत तसेच टिकून राहतात, त्यामुळे आधार देण्याची सक्ती नाही. तरीही प्रत्येक टाकीला मी खराखुरा वाटेल असा आधार दिला. सगळा सांगाडा आधी रंगीत लोकरीच्या ठोकळ्यांत उभा केला : भट्टी व इंजिन लाल, टाक्या निळ्या, वस्ती पांढरी, वीज व तारा पिवळ्या. कोणत्या रंगाची रेषा कुठे तुटते हे पाहिले की नळ्यांची मांडणी तिथल्या तिथे सुधारता येते. प्रमाण मनासारखे बसल्यावर एकेक रंग बदलून खरे ठोकळे घातले.

टाक्या पाच. यानाचे नाव 'पंचगंगा' आणि टाक्यांची नावे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती व सरस्वती. पहिल्या चार यानाच्या मधल्या लांब कण्याभोवती बाहेर दिसतात आणि सरस्वती, आपल्याकडच्या समजुतीप्रमाणे गुप्त, म्हणून कण्याच्या आत लांबट आकारात बसवली आहे. बाहेरची प्रत्येक टाकी २५ मीटर व्यासाचा गोल आहे. द्रवरूप हायड्रोजनची घनता पाण्याच्या मानाने फारच कमी, घनमीटरला सुमारे ७१ किलो, त्यामुळे एवढ्या गोलातही जेमतेम ५८० टन इंधन मावते. तो उणे २५३ अंशांच्या आसपास ठेवावा लागतो, म्हणून टाक्यांना जाड वेष्टन, कमीत कमी जोडण्या आणि तापलेल्या रेडिएटरच्या बाजूला चमकते पडदे दिले. पाचही टाक्यांच्या नळ्या इंजिनाच्या अलीकडे एका मोठ्या गोळ्यात मिळतात. त्याला आम्ही प्रयाग म्हणतो, कारण या नद्या जिथे मिळतात त्या चिखलीच्या संगमाचे नावच प्रयाग आहे.

या कामात माझा भाचा बरोबर होता. बारावीतला मुलगा, हात वेगवान आणि शंका नेमकी. लोकरीचा सांगाडा चहूबाजूंनी फिरून पाहिल्यावर तो म्हणाला, "मामा, सगळं झालं, पण हे वळणार कसं?" त्या प्रश्नातून लहान इंजिनांचे आठ गट आले, चार नाकाजवळ आणि चार शेपटीकडे. वस्तुमानाच्या मध्यापासून जितके लांब ढकलावे तितक्या कमी जोरात यान वळते, म्हणून त्यांची जागा दोन्ही टोकांना. त्यांना इंधन पोचवणाऱ्या बारीक नळ्या कण्याच्या बाहेरून न्याव्या लागल्या, आणि कण्यावर आज जे सर्वांत भरगच्च काम दिसते ते या नळ्यांचे, त्यांच्या पकडींचे आणि झडपांचे आहे.

बारीक कामाला खेळ तीन-चार जाड्या देतो. पूर्ण ठोकळा एक मीटर, स्लॅब अर्धा मीटर, ट्रॅपडोअर (झाकणासारखे दार) मीटरच्या सोळा भागांपैकी तीन भाग म्हणजे जवळजवळ १९ सेंटिमीटर, आणि गालिचा त्याहून पातळ, एकच भाग. लोखंडी गज, साखळी, एंड रॉड, लायटनिंग रॉड ही नळ्या व अँटेना यांसाठी. बटण म्हणजे बोल्टचे डोके. ट्रॅपडोअर उघडा ठेवून भिंतीला चिकटवला की तपासणीची झडप दिसते, आणि त्याच्या खाली अर्ध्या स्लॅबची खाच ठेवली की त्या झडपेखाली सावली पडते. सावली हाच खरा तपशील आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. करड्या भिंतीवर पाच प्रकारचे करडे ठोकळे विखरून टाकले तर ती केवळ मळकट दिसते. तीच भिंत एका रंगाची ठेवून दोन ठिकाणी अर्धा मीटर आत घेतली तर ती यंत्राची वाटते.

हे मला अंबाबाईच्या देवळाने शिकवले. त्या देवळाची बाहेरची भिंत सरळ जात नाही. कोनाकोनाने पुढे येते, मागे जाते, आणि उन्हाच्या प्रत्येक कलाबरोबर त्या कोनांत सावलीच्या उभ्या रेघा बदलतात. मूर्तींचे काम त्यानंतर येते. खिद्रापूरच्या कोपेश्वरालाही हीच रीत आहे : आधी मोठे कोन, त्यावर आडवे थर, तळाशी हत्तींची रांग, आणि मग बारीक कोरीव काम. कारागिराने मोठ्या घडीपासून लहान घडीकडे जायचे ठरवले होते, म्हणून ती देवळे लांबूनही समजतात आणि जवळूनही. मी यानाच्या कण्याला तेच लावले. दर बारा मीटरला एक चौकट, दोन चौकटींच्या मध्ये आत गेलेला पट्टा, पट्ट्यात नळ्या, नळ्यांवर पकडी. टाक्यांच्या गोलांवर मात्र जवळजवळ काहीच ठेवले नाही, कारण भरगच्च कामाशेजारी नजरेला टेकायला शांत जागा लागते.

रंगांत फिकट करडे काँक्रीट व गुळगुळीत क्वार्ट्झ वस्तीसाठी, डीपस्लेट हा गडद दगड भट्टीच्या भागासाठी. रेडिएटरला तांबे घेतले. खेळात तांबे काळानुसार हिरवट होत जाते, त्याच्या चार अवस्था आहेत आणि मेण लावलेला प्रकार घेतला की ती अवस्था कायम राहते. भट्टीजवळ ताजे नारिंगी तांबे आणि पुढे क्रमाने उतरता रंग ठेवल्याने गरम टोक कोणते हे सांगावे लागत नाही. २०२४ च्या १.२१ आवृत्तीत आलेली तांब्याची जाळी आणि तांब्याचे ट्रॅपडोअर यांचा इथे अतोनात उपयोग झाला.

उजेडाचे काम लवकर उरकले. खिडक्यांमागे सी लँटर्न, गोदामांत मंद दिवे, आणि शत्रू प्राणी उगवू नयेत म्हणून खेळ शांत पातळीवर.

शेवटची तपासणी दोन अंतरांवरून केली. आधी तीनशे ठोकळे लांब जाऊन, त्यासाठी दृश्य-अंतर वाढवून, पूर्ण यान एका नजरेत घेतले. तिथून बोल्ट, नळ्या काहीही दिसत नाही. दिसतो तो कडे, टाक्या, त्रिकोण आणि इंजिनाचे घंटेसारखे तोंड एवढाच आकार, आणि तो एवढ्यावरच ओळखू आला पाहिजे. मग कण्याला लागून उडत जाऊन प्रत्येक नळीचा उगम आणि शेवट भाच्याने मोठ्याने सांगायचा आणि मी ड्रॉइंगवर खूण करायची. जिचा शेवट सांगता आला नाही ती नळी काढून टाकली.

आता उतरण्याच्या दोन लहान होड्या राहिल्या आहेत. बारा मीटरच्या वस्तूला एक मीटरचा ठोकळा फारच ओबडधोबड पडतो. १.१९.४ पासून खेळात ठोकळ्याचे चित्र हव्या त्या मापात आणि हव्या त्या कोनात दाखवण्याची सोय आहे, पण त्याला घनता नसते, माणूस त्यातून आरपार जातो. म्हणून होड्यांची जमीन, आसने आणि दारे खऱ्या ठोकळ्यांची ठेवायची आणि पंख, नाक, जळण्यापासून वाचवणारे कवच तेवढे त्या सोयीने करायचे, असे आम्ही ठरवले आहे. कवचाची जाडी किती ठेवायची यावर भाचा आणि मी अजून एकमत झालेलो नाही.