आमची वाटचाल : पिंगचा हिरवा ठिपका

नागपूरच्या सीताबर्डीत एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर मी आणि माझ्या मावसभावाने दुकान मांडलं, तेव्हा भांडवल म्हणजे एक क्रिम्पिंग टूल (केबलच्या टोकाला प्लग बसवायचा चिमटा), एक केबल टेस्टर आणि वडिलांची स्कूटर. नेटवर्कची केबल टाकायची, रॅक लावायचा, जमलं तर एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, घ्यायची. फोन आला की हिंगणा नाहीतर बुटीबोरी. पहिल्या काही वर्षांबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही. सगळ्यांची असतात तशीच होती.

एएमसीतली आमची तपासणी म्हणजे पिंग : नेटवर्कवरून "आहेस का?" अशी हाक मारायची आणि उत्तर येतं का ते बघायचं. एका जुन्या डेस्कटॉपवर सगळ्या गिऱ्हाइकांच्या स्विचची, म्हणजे नेटवर्कच्या केबल एकमेकींना जोडणाऱ्या डब्यांची, यादी. ठिपका हिरवा म्हणजे जिवंत, लाल म्हणजे गाडी काढा. त्या ठिपक्यावर आमचा देवासारखा भरवसा.

मे महिन्यातल्या एका दुपारी बुटीबोरीच्या कारखान्यातून सुपरवायझरचा फोन आला. "भाऊ, सारं बंद पडलं. लाइट तं सगळे लागून हाय!" आमच्या पडद्यावर तिथला मुख्य स्विच हिरवागार. मी छातीठोकपणे सांगितलं, स्विच ठणठणीत आहे, तुमचा सर्व्हर बघा. त्यात पाऊण तास गेला. शेवटी ४५ अंशांच्या उन्हात वर्धा रोडने निघालो.

रॅकचं दार उघडलं तर सगळ्या पोर्टचे दिवे एकाच तालात लुकलुकत होते. असं दिसलं की लूप समजायचा, म्हणजे माहिती नेटवर्कमध्ये गोल गोल फिरत राहिली आहे. शेजारच्या स्विचकडे जाणाऱ्या दोन केबलपैकी, म्हणजे अपलिंकपैकी, एक उपटली आणि मिनिटाभरात कारखाना परत सुरू. पण दोन अपलिंक तर आम्हीच मुद्दाम टाकल्या होत्या. त्यातली एक बंद ठेवायचं काम स्पॅनिंग ट्रीचं, म्हणजे लूप होऊ न देणाऱ्या एसटीपी या नियमाचं. ते झोपलं कसं?

त्या रात्री स्विच म्हणजे काय ते मला खऱ्या अर्थाने कळलं. त्याच्या आत दोन संसार असतात. एक चिपचा : फ्रेम (माहितीचं पाकीट) आली, पत्ता पाहिला, पुढे ढकलली. दुसरा प्रोसेसरचा : तिथे आजकाल बऱ्याचदा लिनक्स असतं आणि त्यावर वेगवेगळ्या प्रोसेस, म्हणजे चालू असलेले प्रोग्राम. एसटीपीची वेगळी, दुरून स्विचची माहिती विचारायच्या एसएनएमपीची वेगळी, लॉगिनची वेगळी. पिंगला उत्तर देतो तो कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. त्याला या प्रोसेसशी काही देणंघेणं नाही. शिवाय आमची लाइन फक्त देखरेखीसाठीच्या वेगळ्या मॅनेजमेंट पोर्टवर असल्यामुळे आतलं वादळ तिथवर पोचलंच नाही.

एसटीपीची प्रोसेस यादीत होती, पण गोठलेली. दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा पाहिलं, तिचा सीपीयू वेळ एका टिकलीनेही पुढे सरकला नव्हता. ती दर २ सेकंदांनी शेजारच्या स्विचला निरोप पाठवते. जुन्या पद्धतीत २० सेकंद निरोप आला नाही की शेजारी समजतो, हा गेला. मग थोडं थांबून तो आपला अडवलेला पोर्ट उघडतो. इकडे चिप तर फ्रेम ढकलतच असते. इथरनेटच्या फ्रेमला आयुष्याची मर्यादा नसते, त्यामुळे ती फिरतच राहते.

मेलेली प्रोसेस परत उठवणारा पहारेकरी त्या स्विचमध्ये होता. पण ही मेलेली नव्हतीच ना!

मावसभावाला पायथन जेमतेम यायचं. त्यावरच त्याने पहिला प्रोग्राम लिहिला. एसएनएमपीच्या होस्ट रिसोर्सेस एमआयबीमध्ये (काय काय विचारता येतं त्याची ठरलेली यादी) चालू प्रोसेसचा तक्ता असतो : सीपीयू सेकंदाच्या शंभराव्या भागात, मेमरी किलोबाइटमध्ये. जो स्विच तो तक्ता देत नाही, तिथे एसएसएचने, म्हणजे दुरून सुरक्षित लॉगिन करून, आत शिरायचं आणि शो प्रोसेसेस ही आज्ञा द्यायची. तीनच गोष्टी बघायच्या. सीपीयू वेळ सरकतोय का, मेमरी रोज थोडी थोडी चढतेय का, आणि पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा नंबर, बदलला का. तिसरी माझी सगळ्यात आवडती. नंबर बदलला म्हणजे मधल्या वेळात ती मेली आणि पहारेकऱ्याने गुपचूप उठवली. वरून सगळं छान दिसतं.

घोळही केले. सुरुवातीला दर १० सेकंदांनी सगळं विचारायचो, मॅक टेबलसकट (कोणतं यंत्र कोणत्या पोर्टवर आहे त्याचा लांबलचक तक्ता). एका जुन्या स्विचचा सीपीयू त्यानेच नव्वदीत गेला. तब्येत बघायला गेलेल्यांनीच ताप आणला. आता दर ५ मिनिटांनी विचारतो. एकदा कळमन्याच्या एका गोदामातल्या स्विचचा अपटाइम, म्हणजे तो किती वेळ सलग चालू आहे तो आकडा, अचानक शून्य दिसला म्हणून पोरगा धावत गेला, तर वीज गेलीच नव्हती. एसएनएमपीतला तो आकडा ३२ बिटांचा, साधारण ४९७ दिवसांनी भरतो आणि परत शून्यापासून सुरू होतो. पोरगा तर्री पोहे खाऊन परत आला, बिल मला.

खरं अवघड काम विक्रीचं होतं. "काही बंद पडलं का? नाही ना? मंग पैसे कायचे?" याला माझ्याकडे उत्तर नसायचं. शेवटी बुटीबोरीच्याच मालकांसमोर एका प्रोसेसच्या मेमरीचा तीन महिन्यांचा आलेख छापून ठेवला. त्यांनी चढत्या रेषेवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "म्हंजे बॉयलरचं प्रेशर." त्याच दिवशी सही झाली. तेव्हापासून मी गिऱ्हाइकासमोर प्रोसेस हा शब्द काढत नाही, आलेख काढतो.

आज आम्ही सात जण आहोत. तो जुना डेस्कटॉप अजून आहे, हिरव्या ठिपक्यांसकट, काढवत नाही. हे लिहितानाच हिंगण्याच्या एका स्विचच्या एसएनएमपीच्या प्रोसेसची मेमरी पुन्हा चढायला लागली आहे. रविवारी पहाटे रीस्टार्टसाठी वेळ मागितली आहे. मालक म्हणाले, शनिवारी आठवण करा.