लळिंग ते मुडावद: खान्देशातले बारीक कवचधारी

झिंगे-खेकड्यांच्या बारक्या भाऊबंदांची नोंद करायची म्हटलं की लोक थेट कोकणाची गाडी धरतात. आम्ही धुळ्यातूनच निघालो. लळिंग किल्ल्यावरची डबकी, पांझरेचे फडाचे (गावाने मिळून चालवलेल्या सिंचनाचे) पाट आणि मुडावदचा तापी-पांझरा संगम, एवढं एका दिवसात होतं. पहाटे निघा म्हणजे उन्हाआधी किल्ला उरकतो. 31 जुलै टाळा. त्या दिवशी लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांना अभिवादन करायला मोठी गर्दी लोटते, रस्त्यात गाडी लावायलाही जागा मिळत नाही.

खरा माल किल्ल्यावरच आहे. खोदीव टाक्यांपेक्षा कातळावरच्या घोट्याएवढ्या खोल खळग्यांकडे बघा. या खळग्यांत मासे नसतात, म्हणून इथे परीझिंगे (इंग्रजीत फेअरी श्रिंप) टिकतात. पांढऱ्या ताटलीत पाणी ओतलं की ते पाठीवर उलटे पोहताना दिसतात, पायांची अखंड लाट चाललेली, आणि मादीच्या शेपटीच्या मुळाशी अंड्यांची पिशवी. त्याच पाण्यात तिळाएवढे, दोन शिंपल्यांत बंद असलेले ऑस्ट्राकॉड तुरुतुरु पळतात. ताटली हलवू नका, मिनिटभर तशीच ठेवा. गाळ बसला की सगळं आपोआप दिसायला लागतं. पहिल्या जोरदार पावसानंतर दोनेक आठवडे गेले की जायचं. उशीर केलात तर खळगा आटलेला असतो.

खाली पांझरेच्या पाटावर पाणी सोडणारे पाटकरी भेटले. बाटलीतले झटके देत पोहणारे सायक्लॉप्स, म्हणजे टिंबाएवढे एकडोळे कवचधारी, दाखवले, तर म्हणाले, "हे तर नारूचं पाणी!" बरोबरच बोलले. नारूच्या जंताची पिल्लं सायक्लॉप्सच्या पोटात असायची आणि न गाळलेल्या पाण्यातून माणसात शिरायची. 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. सायक्लॉप्स मात्र आहेत तिथेच आहेत. भिंगातून मादी लगेच ओळखू येते, शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांची एकेक पिशवी लोंबत असते. एकच पिशवी दिसली तर तो बहुधा डायाप्टोमस गटातला, म्हणजे सायक्लॉप्सचा भाऊबंद. पाटाच्या कडेचं गवत जाळीत झटकलं की जास्त मिळतं, वाहत्या धारेत उगाच हात दुखतात.

मुडावदला कपिलेश्वराच्या घाटाखाली काचेसारखे झिंगे सापडले. पायांची दुसरी जोडी लांब असेल तर मॅक्रोब्रॅकियम, नांगीच्या टोकाला केसांचा झुपका असेल तर कॅरिडिना. वरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी असेल तर तापीकाठी उतरूच नका, पाणी बघता बघता चढतं.

सामान फार लागत नाही: स्क्रीन प्रिंटिंगच्या बारीक जाळीची पिशवी, चहाची गाळणी, ड्रॉपर, दहापट भिंग, पांढरी ताटली, घट्ट बुचाच्या कुप्या आणि 70 टक्के अल्कोहोल. उन्हात कुप्या गाडीत ठेवल्या तर अल्कोहोल उडून जातं. चिठ्ठी जाड कागदावर, पेन्सिलीनेच लिहायची आणि कुपीच्या आत टाकायची. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि बाहेर चिकटवलेली चिठ्ठी निघून येते. जागा, तारीख, खोली, पाण्याचं तापमान, पाणी गढूळ की स्वच्छ, आणि काहीच सापडलं नाही तर तेही. माझ्या मते बिननोंदीचा नमुना आणि गटारातला झिंगा यात फरक नाही.

जाळी एका डबक्यातून दुसऱ्यात नेताना धुवून वाळवा. पिण्याच्या टाक्यात हात घालू नका. वनखात्याच्या जागेत नमुने उचलायचे असतील तर आधी परवानगी घ्या. नुसते फोटो काढून आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेत तरी नोंद होते.

पावसाळ्यात सुट्टी मिळत नसेल त्यांनी एप्रिल-मे मध्ये आटलेल्या खळग्यातली मूठभर माती आणावी. परीझिंग्यांची अंडी त्या कोरड्या मातीत उन्हाळे काढतात. उथळ ताटात पसरून वर साठवलेलं पावसाचं पाणी घाला, नळाचं नको, क्लोरीन असतं. ताट उजेडात ठेवा आणि पहिला आठवडाभर रोज भिंग लावून बघा.