दोन पायांची बंदूक आणि सरकीचा कापूस

भाऊबीजेला मामा येवल्याहून आमच्याकडे देवळालीला आले. आईने ओवाळलं, ताटात पाकीट पडलं, करंज्या झाल्या. मग मामांनी "बघू तुझी अमेरिका" म्हणत नेहमीसारखा माझा मोबाइल ताब्यात घेतला. बर्फ, घर, मुलीची शाळा भराभर सरकली आणि एका फोटोवर बोट थांबलं. भडक नारिंगी जाकीट घालून मी मक्याच्या धसकटांच्या कडेला बसलोय, आणि समोर रायफल दोन काटक्यांवर उभी.

"बंदुकीला हे पाय कसले रे?"

"बायपॉड म्हणतात मामा. टेकू. बैल सोडल्यावर गाडीच्या जूखाली लावता ना तुम्ही, तसा."

"म्हणजे हात थरथरतो तुझा."

थरथरतोच. नोव्हेंबरात पहाटे विस्कॉन्सिनमध्ये पारा शून्याखाली असतो, त्यात दीडशे मीटरवर हरीण दिसलं की छातीतली धडधड रायफलच्या दुर्बिणीत दिसते. श्वास घेतला की नेम वर, सोडला की खाली.

मामांना खरा राग वेगळाच होता. त्यांचं शेत ममदापूरच्या काळवीट राखीव क्षेत्राला लागून. कळप येतो, हरभऱ्याचे कोंब खाऊन जातो, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे हाकलण्यापलीकडे काही करता येत नाही. "आणि तू पैसे भरून हरीण मारायला जातो?" मी सांगितलं, हो, 24 डॉलरचं लायसन. तिथे पांढऱ्या शेपटीची हरणं भरपूर, आणि दर वर्षी नऊ दिवसांच्या बंदुकीच्या मोसमाला एकट्या विस्कॉन्सिनमध्ये पाच लाखांहून जास्त माणसं उतरतात. नारिंगी जाकीट हौसेचं नाही, कायद्याने सक्तीचं आहे (गुलाबीही चालतं). व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला सहसा परवानगी नाही, शिकारीचं लायसन हा त्यातला एक अपवाद. मी अपवादाच्या भानगडीत न पडता ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबलो, मग वर्गात बसून परीक्षा दिली आणि मगच रायफल घेतली.

तर, पाय. पहिला बायपॉड मी ऑनलाइन घेतला, पस्तीस डॉलरचा, उंची सहा ते नऊ इंच. शूटिंग रेंजवर सिमेंटच्या टेबलावर त्याने गोळ्या इतक्या जवळजवळ पाडल्या की मी स्वतःवरच खूश. मोसमाच्या पहिल्या दिवशी उतारावर पालथा पडलो आणि दुर्बिणीतून पाहिलं तर नुसतं पिवळं धूसर गवत. गुडघाभर गवतात नऊ इंचांचे पाय म्हणजे विहिरीत तोकडा पोहरा. नाइलाजाने उठून बसलो, बायपॉडचे पाय एका पडलेल्या ओंडक्यावर टेकवले. पलीकडे हरीण आलं. घोड्यावर बोट नेलं आणि डावा पाय हळूच, अगदी शिस्तीत, आत सरकला. नेम हरणाच्या खांद्यावरून धसकटांवर उतरला. घाईने पाय परत ओढला तर स्प्रिंगचा खट्ट आवाज. त्या थंडीत तो आवाज दारावर थाप मारावी तसा गेला. पांढरी शेपटी वर झाली आणि शेत रिकामं.

शेजारी एक निवृत्त गृहस्थ आहेत, चाळीस मोसम पाहिलेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तू झोपून मारणार की बसून?" दुकानात हे कोणी विचारत नाही. तिथे वजन, रंग, मटेरिअल यावर बोलतात. केंटकीत बनणारा हॅरिस हा तिकडचा जुना, साधा बायपॉड. त्यात सहा ते नऊ इंचवाला टेबलासाठी, नऊ ते तेरावाला झोपून मारणाऱ्यासाठी, आणि साडेतेरा ते सत्तावीसवाला बसून मारणाऱ्यासाठी. मी तो शेवटचा घेतला, डावी-उजवीकडे कलणारा, कारण उतारावर एक पाय नेहमी खाली जातो आणि रायफल तिरकी राहिली तर गोळीही बाजूला जाते. वजन अर्धा किलो. दिवसभर खांद्यावर ते कळतं. कॅन्ससचा अ‍ॅटलस बायपॉड हातात घेऊन पाहिला, घड्याळासारखं काम आहे, पण अडीच-तीनशे डॉलर देऊन वर्षातून नऊ दिवस वापरायचा, हे माझ्यातल्या नाशिककराला पटेना. मचाणावर बसणाऱ्याने तर हा खर्चच करू नये. आणि खरं सांगायचं तर पाठीवरची सॅक खाली ठेवून तिच्यावर रायफल टेकवली तरी निम्मं काम फुकटात होतं.

"केवढ्याला पडला?"

"सव्वाशे डॉलर. पण मामा, पाय एकदाच घ्यायचे. जीव घेतात त्या गोळ्या."

वाक्य तोंडातून गेल्यावर आई हसली. पण खर्चाचं खरंच तसं आहे. करोनाआधी माझ्या रायफलच्या मापाची, म्हणजे 308 ची, वीस काडतुसांची डबी मी बावीस डॉलरला आणायचो, आता तशीच डबी छत्तीसला. सरावाला वर्षाला दहा डब्या धरल्या तर बायपॉडची किंमत किरकोळ वाटते. तांबं महाग, त्यात आयातकर. शिवाय काडतुसांवर 11 टक्के केंद्रीय कर आहे. तो मात्र 1937 च्या कायद्याने राज्यांकडे वन्यजीवांसाठी जातो, म्हणून त्याबद्दल माझी तक्रार नाही. मोठी मेख काडतुसातल्या दारूत आहे. बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजपासून होते, आणि नायट्रोसेल्युलोज बऱ्याचदा कापसापासून.

मामा सावरून बसले. "कापूस?"

"सरकीला चिकटलेला राहतो ना आखूड कापूस, तो. लिंटर. त्यावर अ‍ॅसिडची प्रक्रिया करतात."

"सरकी तर आम्ही म्हशीला घालतो."

मग मी त्यांना तोफांचं गणित मांडून दाखवलं. देवळालीच्या तोफखान्याचा सराव सुरू झाला की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची, ते त्यांनीही ऐकलंय. माझ्या एका काडतुसात जेमतेम तीन ग्रॅम दारू. 155 मिलिमीटरच्या तोफेला लांब पल्ल्याच्या एका बाराला दहा किलोहून जास्त. म्हणजे तीन हजारांवर काडतुसं एका धमाक्यात. 2022 पासून युक्रेनच्या युद्धात असे धमाके रोज हजारोंनी होताहेत, आणि कारखाने आधी तोफांची मागणी पुरवतात. हरणाच्या मागे लागलेल्या माझ्यासारख्यांना उरलंसुरलं, त्यांच्या भावाने.

"आमच्या डीएपी खतासारखंच," मामा म्हणाले. "युद्ध कुठं, आणि गोणी मिळंना आमच्याकडं." नंतर ते अर्धा तास गोणीवर बोलले. ते इथे लिहीत नाही, पण माझ्या गोळ्यांपेक्षा त्यांचा हिशोब जास्त झोंबणारा होता.

निघताना अंगणात चप्पल घालता घालता मामा थांबले.

"तो पहिला बायपॉड काय केलास? घसरणारा?"

"पडलाय गॅरेजमध्ये."

"पुढच्या वेळी घेऊन ये. रात्री राखणीला बॅटरी हातात धरून खांदा भरून येतो माझा. तिला कुठं नेम लागतो?"

कस्टमवाल्यांना काय सांगायचं, याचा मी विचार करतोय.